माझ्या हाताने भरलेला रकाना

बटरवर्थ,
१९ फेब्रुवारी

प्रिय नोमवुझो,

अक्षर ओळखलंच असशील. बारा वर्षं तुझ्या पगाराच्या पाकिटावर तुझं नाव मीच लिहीत आलो. तुझ्या त्या राजीनाम्याच्या कागदाबद्दल लिहायला बसलोय, पण सरळ तिथे यायचं धैर्य नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं लिहू दे.

माझीही नोकरी गेली. जानेवारीत शाळा उघडल्या, कारखान्यातून गणवेशाच्या ब्लेझरच्या शेवटच्या खेपा रवाना झाल्या आणि साहेबांनी अख्खं ऑफिस घरी बसवलं. जायच्या दिवशी माझे कागद भरायला कुणीच उरलं नव्हतं, म्हणून माझा फॉर्मही मीच भरला. त्यात नोकरी संपण्याच्या कारणाचा एक बारीकसा रकाना असतो. त्यात ‘कामावरून कमी केले’ असं मी छान गोलाकार अक्षरात लिहिलं आणि साहेबांची सही घेतली. भत्ता त्या एका रकान्यावर ठरतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सोमवारी मी बेकारभत्त्याच्या रांगेत गेलो, तोही टाय बांधून. निघताना बायको म्हणाली, “लग्नाला निघालात की काय?” पण टाय सोडवेना. रांगेतल्या दोघांना मी तिथला साहेब वाटलो, त्यांनी फॉर्म तपासायला पुढे केले. आणि मी तपासले, बाई! एकाला तर ‘सही इथे नाही, खाली’ असं ऐटीत सांगितलं. तेवढ्यात मागून काजं पाडणारी आपली नोझुको त्यातल्या म्हाताऱ्याला ओरडून म्हणाली, “अहो ताता, ते साहेब नव्हेत! आपल्यातलेच झालेत आता.” आणि मला म्हणाली, “या, खुर्ची नाही, पण दगड आहे, बसा!” सगळी रांग हसली. मीही हसल्यासारखं केलं आणि टाय काढून खिशात कोंबला.

नोझुकोने तळलेल्या पिठाच्या गोळ्याचा, मग्विन्याचा, अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि तुझ्याबद्दल सांगायला लागली. तू तीनदा अर्ज केलास, तिन्ही वेळा परत पाठवलं. कागदावर तू स्वतःहून काम सोडल्याचं लिहिलंय म्हणून. ती म्हणाली, “मी तिला म्हटलं, त्या वुयिसिलेला जाऊन विचार. तर माझ्याच अंगावर आली. म्हणाली, दादाने वाचून दाखवलेला कागद आहे तो, आमचं कूळ एक आहे, तो मला फसवेल होय? भत्त्याच्या ऑफिसवाल्यांचीच काहीतरी चूक असणार.” तो तुकडा मी कागदात गुंडाळून टायशेजारी खिशात ठेवला.

नोमवुझो, ऑफिसवाल्यांची चूक नव्हती.

मे महिन्यात साहेबांनी बटणाच्या लाइनवरच्या तुम्हा सहाजणींना कमी करायचं ठरवलं. त्यांनी मला इंग्रजीत टाइप केलेले सहा कागद दिले. त्यात लिहिलं होतं, मी माझ्या मर्जीने काम सोडत आहे. कमी केलं असं लिहिलं तर नोटिशीचा पगार द्यावा लागला असता. साहेब म्हणाले, तू त्यांच्यातलाच आहेस, तुझं ऐकतील. मी म्हणू शकलो असतो, ‘नाही, माझ्याच्याने होणार नाही.’ म्हटलं नाही. खुर्ची जाईल ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर साहेबांनी पाठीवर ठेवलेला हातही आवडला होता.

तुला आठवत असेल, बाकीच्या पाचजणी कागद घरी नेऊन मुलांना दाखवू म्हणत होत्या. मला एरवी तुझं नाव घेऊन हाक मारायची सवय. त्या दिवशी मात्र मी सगळ्यांसमोर ‘माम्पिंगा’ म्हटलं, आपल्या कुळाचं नाव घेतलं. माझ्या आईच्या मातीला तू रक्ताच्या लेकीसारखी तीन दिवस चुलीपाशी उभी होतीस, ते मला ठाऊक होतं. कुळाचं नाव घेतल्यावर तू प्रश्न विचारणार नाहीस, हेही ठाऊक होतं. कागद वाचून दाखवल्यासारखं करत मी सांगितलं, हा फक्त काम संपल्याचा कागद आहे. तू सही केलीस, आणि तुझी सही बघून त्या पाचजणींनीही केली. मग आत जाऊन सहाही फॉर्मच्या त्या रकान्यात मी ‘स्वतःहून सोडले’ असं लिहिलं. त्याच पेनने, त्याच गोलाकार अक्षरात.

मला लाज वाटते. माझा अर्ज एका फेरीत मंजूर झाला, याची तर फारच.

काल मी पोलीस ठाण्यात जाऊन हे सगळं शपथेवर लिहून दिलं. हवालदाराने दोनदा विचारलं, “ताता, हे तुमच्यावरच शेकेल, कळतंय ना?” म्हटलं, कळतंय. तुम्हा सहाजणींची नावं, तारीख, साहेब काय म्हणाले आणि मी काय केलं, सगळं त्यात आहे. शिक्क्याची प्रत सोबत पाठवतोय. अर्जाला नोकरी गेल्यापासून वर्षाची मुदत असते, म्हणजे मे महिन्याआधी सगळ्याजणी पुन्हा जा. बोलावलं तर मी येऊन तोंडाने सांगेन. कागद इंग्रजीत आहे, म्हणून एवढं कर. मी काय लिहिलंय म्हणतो त्यावर जाऊ नकोस. आधी तुझ्या लेकीला, लिंडेलवाला, समोर बसव, शब्दन् शब्द तिच्याकडून वाचून घे, आणि मगच तो भत्त्याच्या ऑफिसात दे.

तुझाच,
दादा म्हणवून घ्यायचं तोंड नसलेला
वुयिसिले