बारक्याचं काळीज अन् आमच्या घराण्याचं

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥
शिरड शहापूर,
२ डिसेंबर २०२४

चि. मनकर्णा हिस,
थोरल्या भावाचे, उकंडरावाचे, पोटभर आशीर्वाद. वि. वि. की, तुझा बारक्या इथं बरा हाय. जीपमधून उतरला तेव्हा गल्लीतले लोक वासरू आणलं म्हणून दात बघायला पुढं आले. मग तो एकदाच भुंकला. दोघं पळाले अन् एक जण आमच्या कणगीमागं बसला.

तू हिंगोलीत हाकेच्या अंतरावर असून अन् माझ्या हातात फोन असून मी पत्र काहून लिहितो, असं तू म्हणशील. त्याला कारण तूच हायेस. तू परवा फोन केलास अन् बारक्या जेवला का, असं विचारलंस. फोनमधून तुझा आवाज त्यानं ऐकला अन् तुला हुडकायला निघाला. कपाटामागं बघितलं, चुलीत बघितलं, अंगणाला तीन चकरा मारल्या अन् धाडकन पडला. तुझी वहिनी रुक्माबाई पाण्याची बादली घेऊन धावली. अर्ध्या मिनिटात उठला खरा, पण तेवढ्यात माझा जीव गेला न् आला.

तुझ्या लेकानं, सोमेश्वरनं, मला एवढंच सांगितलं होतं की, डॉक्टरनं कुत्र्याला तुमच्या तिसऱ्या मजल्याचा जिना बंद केलाय, म्हणून तो इकडं. बाकी सगळं परभणीच्या गुरांच्या डॉक्टरनं समजावलं. या ग्रेट डेन जातीत हा रोग आईबापाकडूनच येतो म्हणे. काळजाची पिशवी फुगते, भिंत पातळ पडते अन् रक्त पुढं ढकलायची ताकद कमी होते. बरं होत न्हाई, सांभाळावं लागतं. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, मीठ बंद, झोपेत श्वास मोजायचे अन् मिनिटाला तीसच्या वर गेले तर कळवायचं. सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे आनंद होऊ द्यायचा न्हाई. ज्या आवाजानं तो असा उसळतो तो कानावर पडू देऊ नका, असं त्यांनी बजावलं.

बाहेर जाऊन फोन घ्यावा तर हा माझ्या मागं शेतात येतो, संडासाच्या दारातबी बसून राहतो. तवा आजपासून फोन बंद. पत्र लिहीत जा. सोमेश्वरला आशीर्वाद. माया हाय तशी राहू दे.

तुझा,
उकंडराव

•

हिंगोली,
१० डिसेंबर २०२४

तीर्थरूप दादांस,
मनकर्णाचा वाकून नमस्कार. वि. वि. पत्र मिळालं. वाचून हसू आलं, मग रडू आलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण माझ्या आवाजानं कुणी बेशुद्ध पडलेलं ऐकलं नव्हतं.

आमच्याकडे घर अगदी मोकळं वाटतंय. आधी दिवाणावर बारक्या झोपायचा आणि आम्ही खाली बसायचो. आता दिवाण रिकामा आहे, तरी आम्ही खालीच बसतो. सोमेश्वर बँकेतून आला की जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहतो. त्यानं हे पिल्लू आणलं तेव्हा आईबापाची तपासणी विचारली नव्हती, फक्त कान बघितले होते. ते त्याच्या मनाला लागून राहिलंय. मी म्हटलं, अरे, आवडलं म्हणून आणलंस, त्यात गुन्हा कसला? पण त्याला पटत नाही.

दादा, गोळी केळात घालून देऊ नका, तो केळ खातो आणि गोळी ठेवतो. भाकरीच्या पापुद्र्यात द्या. मेघगर्जनेला तो भीत नाही, पण मिक्सरला भितो. आणि घरात कुत्रं आणलं तर उंबरा ओलांडणार नाही, असं पाच वर्षांपूर्वी कोण म्हणालं होतं ते मी विचारत नाही.

कागदाला माझ्या हाताचा वास लागू नये म्हणून पाकिटात कापूर टाकलाय. वहिनींचं गुडघ्याचं कसं आहे? त्यांनी नवीन तेल आणलं होतं ना, त्याचं काय झालं ते जरूर कळवा. आहे तो जिव्हाळा वाढवावा.

आपली धाकटी,
मनकर्णा

•

शिरड शहापूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. मनकर्णा हिस, आशीर्वाद.
कापराचा उपाय बराबर बसला न्हाई. बारक्याला वाटलं आरती हाय. तो देवघरासमोर जाऊन बसला अन् प्रसाद म्हणून पत्राचा खालचा कोपरा खाऊन टाकला. तू रुक्माबाईबद्दल काय विचारलंस ते त्याच्या पोटात गेलं. ती म्हणते, जे काय असंल त्याला व्हय म्हणून कळवा.

आता इथली मोठी बातमी. गेल्या आठवड्यात शालूबाईच्या पोराची वरात आमच्या गल्लीतून निघायची होती. बँड म्हटल्यावर मी हात जोडून शालूबाईच्या दारात गेलो. म्हटलं, घरात काळजाचा पेशंट हाय. ती बिचारी भली. म्हणाली, वाट बदलता येत न्हाई, मुहूर्ताच्या वक्ताला पारावर पोचायचंय, पण आवाज बंद करू. अन् खरंच मनकर्णे, दोन घरं अलीकडं बँड थांबला. वाजंत्र्यांनी गाल फुगवले पण फुंकलं न्हाई. ढोलवाल्यानं टिपरू हवेतच मारलं. पोरं त्याच तालावर नाचत राहिली, धूळ उडाली, पण आवाज म्हणून न्हाई. नवरदेवाची घोडीसुद्धा गोंधळून हळू चालली. दोन घरं पलीकडं गेल्यावर एकदम सगळं वाजलं. बारक्या झोपेतच होता, श्वास बावीस.

दुसरी बातमी. साखरा गावचा हरिचंद चार माणसं घेऊन आला. नारळ, टॉवेल, टोपी सगळं संगं. त्याच्याकडं याच जातीची मादी हाय अन् त्याला पिल्लं पाहिजेत. बारक्याला उभं करून पाहिलं, चालवून पाहिलं. पाहुण्यांना पोहे झाले. मग मी साफ सांगितलं की, जमणार न्हाई. हरिचंद तापला. आमच्या पोरीत काय खोट हाय, म्हणाला. मी म्हटलं, खोट तुमच्या पोरीत न्हाई, आमच्या पोरात हाय. याचं काळीज आजारी हाय, ते पिल्लांत उतरंल, मग ती पिल्लं ज्याच्या घरी जातील त्याच्या घरी रडारड. जाणूनबुजून मी कुणाच्या घरी दुःख धाडणार न्हाई.

तवा हरिचंद म्हणाला की, असं बघत बसलं तर माणसाची तरी लग्नं व्हतील का? तुमच्या घराण्यात कुणी न्हाई गेलं का असं?

मी त्याचा नारळ त्याच्या हातात परत ठेवला. आबा एक्कावन्नाव्या वर्षी जवळा बाजारच्या बाजारात कापसाच्या गाडीवर बसल्या बसल्या गेले, आपण म्हटलं ऊन लागलं. नरसिंग काका अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रहाटावर गेले, आपण म्हटलं नजर लागली. कुत्र्याच्या आईबापाची चौकशी मी परभणीपर्यंत केली अन् आपल्या बापाची कधी केली न्हाई. दोन दिवस हेच डोक्यात फिरून राहिलंय. तू मनाला लावून घेऊ नको. कळावे.

उकंडराव

•

हिंगोली,
८ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस शि. सा. नमस्कार.
वरातीचं वाचून सोमेश्वर इतका हसला की शेजारचे विचारायला आले. पण पुढचं त्याला वाचून दाखवलं नाही.

दादा, मी लावून घेतलंच मनाला. दिवाळीत तुम्ही आमचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर दहा मिनिटं बसला होता. चपलेचा अंगठा तुटला म्हणालात. मी नंतर चप्पल बघितली. अंगठा धड होता. तेव्हा बोलले नाही, ही माझी चूक झाली.

उद्याच्या उद्या नांदेडला जाऊन हृदयाची तपासणी करा. ऊस, हरभरा, लग्नसराई यांतलं काही सांगू नका. महिन्याच्या आत तुमचा कागद आला नाही, तर मी स्वतः शिरडला येईन, दारात उभी राहीन आणि मोठ्यांदा बारक्याला हाक मारीन. पुढं जे होईल त्याला तुम्ही जबाबदार.

रागावू नका. आबांच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. मला दुसऱ्यांदा तसं अंगणात उभं राहायचं नाही.

मनकर्णा

•

शिरड शहापूर,
६ मार्च २०२५

चि. मनकर्णा हिस, आशीर्वाद.
तू हाक मारू नको, मी जाऊन आलो.

आधी बारक्याला परभणीला नेला होता. त्याची तपासणी झाल्यावर मी शर्टाची गुंडी काढली अन् डॉक्टरांना म्हटलं, नळी कानात हायेच तर जरा माझंबी ऐका. ते म्हणाले, काका, मी जनावरांचा हाय. मी म्हटलं, मला चालतंय. त्यांनी ऐकलं, अन् त्यांचं हसणं थांबलं. घरी जाऊ नका, इथूनच नांदेड गाठा, म्हणाले. रुक्माबाई बारक्याला घेऊन जीपनं घरी, मी एसटीनं नांदेडला.

तिथं छातीवर थंडगार काहीतरी लावून पडद्यावर काळीज दाखवलं. पिशवी मोठी झालीया. डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कुणाला हा आजार हाय का? मी म्हटलं, व्हय, बारक्याला. वय? पाच. डॉक्टर दचकले, एवढ्या लहान लेकराला? वजन किती? बासष्ट किलो. त्यांनी पेन खाली ठेवला. मी म्हटलं, माझ्यापेक्षा चार किलो जास्त हाय, पण उंच बी हाय. मग खुलासा झाला. नर्सबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

पाणी उतरवायची गोळी आमा दोघांना एकच निघाली. दोघं ती घेतो अन् दोघं मिळून दर घंट्याला लिंबाखाली जातो. रुक्माबाईनं मीठ दोघांचंबी बंद केलंय. बारक्या निदान तक्रार करत न्हाई.

आता हसू नको. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून उतरतं. भाऊ, बहीण, लेकरं सगळ्यांची तपासणी करा. माझी पुनम सासरहून येऊन करून गेली, तिचं सगळं चांगलं हाय. तू कर, अन् सोमेश्वरचीबी कर.

शेवटचं. बारक्याला तुझी भेट कधीच न्हाई का, असं मी परभणीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बारक्याची नाडी पुन्हा बघितली. मग म्हणाले, गोळ्यांनी तो आता बराच थिर झालाय, पण बरा तर व्हायचा न्हाई. उरलेले दिवस काढायचे ते कशासाठी? घेऊन या बाईंना, फक्त सावकाश. तवा पाडव्याला ये. हाक मारायची न्हाई, पळायचं न्हाई. दारातून येऊन जमिनीवर बसायचं. वाट बघतो.

उकंडराव

•

हिंगोली,
११ एप्रिल २०२५

ती. दादांस, मनकर्णाचा नमस्कार. वि. वि.
पाडव्याची भेट अजून डोळ्यांसमोर आहे. मी ठरल्याप्रमाणे तोंडाला पदर लावून भिंतीच्या कडेने आले आणि खाली बसले. बारक्या उठला, शेपटी दोनदा हलवली, हळूहळू चालत आला, आणि साठ किलोचं सगळं अंग माझ्यावर टेकवून डोळे मिटले. धावला नाही, पडला नाही. चक्कर आली ती तुम्हाला. वहिनींनी बारक्यासाठी भरून ठेवलेली बादली तुमच्या डोक्यावर ओतली आणि पाडव्याचा नवा शर्ट भिजला. पुढच्या वेळी आनंद तुमच्यासाठीही सावकाश ठेवावा लागेल.

आता खरं लिहायचं ते लिहिते. आम्हा दोघांची तपासणी झाली. माझं काळीज चांगलं आहे; डॉक्टर म्हणाले, हा रोग एखाद्यात दिसत नाही, तरी पुढच्या पिढीत उतरतो. सोमेश्वरचं थोडं मोठं निघालं. एकोणतीस वय त्याचं. डॉक्टर म्हणाले, फार लवकर सापडलं, आजपासून औषध घेतलं तर पुष्कळ वर्षं सुखानं काढेल. असंच राहिलं असतं तर पन्नाशीच्या आसपास आबांसारखं झालं असतं. म्हणजे दादा, तुम्ही हरिचंदला पोहे खाऊ घालून परत पाठवलंत, तिथून हे सगळं सुरू झालं. मी त्या माणसाचे आभार कसे मानू ते मला कळत नाही.

 दवाखान्यातून घरी आल्यावर सोमेश्वरनं, बँक सोडून दुसऱ्या नोकरीसाठी त्यानं अर्ज केला होता, तिच्या मुलाखतीचा कागद फाडला. मी ओरडले नाही. संध्याकाळी म्हणाला, मामाकडे पंधरा दिवस राहून येतो. बँकेतून रजा घेतलीय, गुरुवारी दुपारच्या एसटीनं निघेल.

त्याला सांगून ठेवू नका की मी लिहिलं, पण पोरगं भ्यालंय. तोंडानं म्हणणार नाही. तुम्ही काही विचारू नका, समजावू नका. हळद काढायची राहिली असेल तर त्याला शेतात न्या, उन्हं उतरल्यावर थोडं काम सांगा, आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसून करा.

तुमची, बारक्याची आणि वहिनींची आम्हाला रोज आठवण येते, तुम्हीही आमची ठेवावी.

आपली,
मनकर्णा