कापडापलीकडची हरिणी

नाशिकरोड,
१४ ऑक्टोबर १९७९

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना सप्रेम जयभीम. विशूला पापा, ती 'पुरे' म्हणेपर्यंत.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर राहिलं. काम होतं असं समज, आणि काम होतंही. दसऱ्याला मल्हारीमास्तरांनी नारळ फोडला आणि आमच्या पार्टीचा नवा हंगाम सुरू झाला. यंदा बोर्डावर 'भव्य बॅले आणि ऑर्केस्ट्रा' असं लिहिलंय. भव्य म्हणजे काय, तर जुन्या पडद्याला नवी झालर आणि लग्नाच्या बँडमधून पळवून आणलेले दोन क्लॅरनेटवाले. बिचारे सवयीनं वाजवता वाजवता पुढे चालू लागतात आणि मास्तर विंगेतून हात घालून त्यांना मागे ओढतात. लोकांना वाटतं, हाही कार्यक्रमच आहे.

आधी ऑर्केस्ट्राची गाणी, मग बॅले. कोळ्यांचा नाच, सुगीचा नाच आणि शेवटी 'हरिणी'. हरिणी मी करते. पेठच्या प्रयोगानंतर तू मला नाचताना पाहिलेलं नाहीस, म्हणून नीट सांगते. स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं कापड ताणतात. मागे इसाकभाई मोठा दिवा लावतात आणि दिवा आणि कापड यांच्यामध्ये मी नाचते. लोकांना फक्त माझी सावली दिसते. दिव्याजवळ गेलं की सावली राक्षसाएवढी होते, कापडाला लागून उभं राहिलं की आपण आहोत तेवढीच. पाडस पुठ्ठ्याचं आहे, काठीला बांधलेलं. शिकारी आला की मी त्याला हुलकावणी देत पाडसापासून लांब नेते आणि बाण लागून पडते. रंगूबाई सगळ्यांना रंग लावते, मला लावत नाही. म्हणते, तुझ्यामुळे माझी पावडर वाचते. ती वाईट नाही गं, तिला दुसरं काही बोलायला सुचत नाही.

पेठला लाईट गेली नसती, ती गॅसबत्ती कलंडली नसती आणि माझा घागरा नायलॉनचा नसता, तर आज मी सगळ्यांच्या पुढे नाचत असते. असू दे. सावळीराम पट्ट्या सुटेपर्यंत रोज दवाखान्यात येत होता, एवढं त्याच्या पदरात टाकायलाच हवं. पट्ट्या सुटल्या, विशूच्या बापानं माझं तोंड पाहिलं आणि त्याच आठवड्यात त्याला मालेगावच्या पार्टीत ढोलकीचं काम मिळालं. मास्तरांनी मात्र मला ठेवून घेतलं. दुसरं कोण ठेवणार होतं?

आता तुझ्या पत्राचं.

दाजींची एस.टी.तली बदली येवल्याहून सटाण्याला झाली. तिथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही. विशूला शाळेत घालताना तिच्या नावापुढे दाजींचं नाव लावायचं का, असं तू विचारलंयस. अक्का, तू न विचारता लावलं असतंस तर मला कोण सांगायला येणार होतं? तरी विचारलंस. तिला तळहातावर वाढवलंस, आणि वर लिहितेस की ती अजून तुला मावशीच म्हणते. तुझे उपकार मोजायला बसले तर जन्म पुरणार नाही. पण 'हो' लिहायला हात उचलत नाही. रोज लिहायला बसते आणि रोज दुसरंच काम काढते.

गेल्या वर्षी मी येवल्याला आले तेव्हा विशू खाटेखाली जाऊन बसली होती. तिला ताप भरला म्हणून मी आल्या पावली परत फिरले. तिचा काय दोष? मी स्वतः आरशाकडे पाठ करून केस विंचरते.

म्हणून एक मागणं आहे. दिवाळीनंतरच्या शनिवारी, २७ तारखेला, इथे मैदानावर आमचा प्रयोग आहे. तिला घेऊन ये. अगदी पुढे बैठकीवर बसव. मी कोण, काही सांगू नकोस. सावलीत माझं नाक आहे, कपाळ आहे, मान आहे, सगळं पहिल्यासारखं. कातडीचं काय झालंय ते कापडापलीकडे दिसत नाही. मी कापडाला लागून नाचेन, म्हणजे तिला मी माझ्या मापाची दिसेन. खेळ संपल्यावर तिला आत आणू नकोस. घरी गेल्यावर तिला हरिणी आवडली असं दिसलं, तर सावकाश सांग की ती तुझी आई. आधी सावलीची ओळख होऊ दे, मग आवाजाची, मग हाताची. तोंडाचं सगळ्यात शेवटी बघू. मास्तर हरिणी वर्षभर लावणार आहेत, घाई नाही.

नावाचं उत्तर त्यानंतर देते. तेवढं थांब.

तुझी,
चांगुणा
(विशूची आई)


नाशिकरोड,
४ नोव्हेंबर १९७९

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम. तुम्ही सुखरूप पोचलात हे वाचून जीव भांड्यात पडला.

तू लिहिलंयस की विशू डोक्याला दोन चमचे बांधून घरभर उड्या मारते आणि शेजारच्या पोरीला शिकारी करते. हे मी इतक्यांदा वाचलं की रंगूबाई म्हणाली, "अगं, कागद झिजंल." तू विचारतेस, आता तिला सांगू ना?

नको सांगू.

चिडू नकोस, ऐक. त्या दिवशी हरिणी चालू असतानाच लाईट गेली, ते तू पाहिलंसच. आतलं तुला माहीत नाही. इसाकभाई मला म्हणाले, "बाई, बत्ती लावू का खेल बंद करू? तुम्ही बोलाल तसं." पेठपासून मी गॅसबत्तीच्या खोलीतसुद्धा थांबत नाही, हे त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, लावा. विशू समोर बसली होती, मी कशी निघून जाऊ? तो सूं आवाज सुरू झाला आणि माझे हातपाय लटपटायला लागले. पाठ भाजतेय असं वाटत होतं, अक्का, खरंच वाटत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हरिणी शिकाऱ्याला भिऊन थरथरतेय.

टाळ्या थांबल्या आणि मला विशूचा आवाज आला. अगदी स्पष्ट. "आई, बघ ना, ती थंडीनं कापतेय!"

मी कापडाआडून 'ओ' देणार होते. तोंड उघडलं होतं. मग कळलं, ती तुला सांगत होती.

मावशीच म्हणते, असं लिहायचीस. किती गोड खोटं बोललीस गं माझ्याशी. मला राग नाही आला. तुझी माया कळली आणि त्यानंच जास्त रडू आलं.

पुढचंही तुला ठाऊक नाही. खेळ संपला, तू अंधारात चपला शोधत होतीस, दाजी बसची चौकशी करायला गेले होते. तेवढ्यात विशू पायऱ्या चढून स्टेजवर आली. बत्ती अजून जळत होती, मी पुठ्ठ्याचं पाडस उचलत होते. तिनं बाहेरून कापडावर हात ठेवला. एवढासा पंजा, मला कापडातून दिसत होता. मीही आतून हात लावला. तिनं हात काढला नाही.

"तू खरी हायेस का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"मंग मेली नाहीस?"

"नाही."

"बाहेर ये ना. माझ्या आईला दाखवते."

अक्का, कापड उचलायला एक हात पुरला असता. मी खालची कड धरलीही होती. मग गेल्या वर्षीची खाट आठवली. मी म्हटलं, "हरिणी माणसांत येत नसते. जा, तुझी आई शोधत असेल." ती लगेच गेली. पळत गेली. आणि खाली जाऊन तुला म्हणाली, "आई, तिचा हात गरम हाय!" तेही मी ऐकलं.

आता तूच सांग, तिला काय सांगणार? हरिणी तुझी आई आहे म्हणालीस तर ती उद्या विचारेल, कुठे आहे, दाखव. मग आज ना उद्या दाखवावं लागेल. तिच्याजवळ माझी एवढी एक चांगली गोष्ट आहे, गरम हाताची हरिणी. ती तरी जळू नये.

आणि सावकाश ओळख करून द्यायला सावली तरी कुठे उरलीय? परवा मास्तरांनी सांगितलं, पुढच्या महिन्यापासून हरिणी बंद. "चांगुणा, पब्लिकला रंग पाहिजे. काळ्या सावल्या बघायला कोण थांबतंय? हरिणी लागली की माणसं चहाला उठतात." त्यांचंही खोटं नाही, मी बाकांचे आवाज ऐकते. मला कपड्यांना इस्त्री करायला ठेवतायत. कोळीण, सुगीवाली, सगळ्यांचे कपडे माझ्या हाती. मी इस्त्री मागितली नव्हती, निखाऱ्यांची असते ती. पण नाही म्हणायला दुसरीकडे जागा हवी ना.

पुठ्ठ्याचं पाडस मास्तर टाकून देणार होते. मी मागून घेतलं, ट्रंकेत बसत नाही म्हणून भिंतीला टेकवून ठेवलंय.

तर नावाचं उत्तर. दाजींचं नाव लाव. आईच्या ठिकाणी तुझं. सटाण्याला कुणी विचारलं तर पोटची आहे म्हण, अडखळू नकोस, पोरांना लगेच कळतं. मी तिकडे येणार नाही. एखाद्या वर्षी आमची पार्टी सटाण्याला आली तर तिला घेऊन ये, क्लॅरनेटवाल्यांना पाहून ती फार हसेल. मी आत कपड्यांत असेन.

हे लिहून झालं. वाटलं होतं त्याहून लवकर लिहून झालं.

तिला थंडीत कानटोपी घाल, तिचे कान लगेच दुखतात, लहानपणापासून.

विशूला पापा, ती 'पुरे' म्हणेपर्यंत. कुणाचा म्हणून विचारलं, तर मावशीचा म्हण.

तुझी धाकटी बहीण,
चांगुणा