मुंडकं नसलेला फोटो

अड्याळ, मे महिना, शुक्रवार संध्याकाळ

आज मी फोटोत पाखराचं मुंडकं कापलं. मुद्दाम! लग्नाच्या फोटोत कुणाचं नुसतं कपाळ कापलं गेलं तरी बाबा आमच्या फोटोच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर झापतात मला.

सकाळी वैनगंगेच्या वाळूत, डांगरवाडीच्या, म्हणजे खरबुजांच्या मळ्याच्या, मांडवाखाली बसले होते. समोर ‘नदी सुरय’ पक्ष्याचं पिल्लू, वाळूच्याच रंगाचं. घरटं म्हणजे नुसता खळगा. जवळ गेले असते तर आई उडाली असती आणि पिल्लू उन्हात भाजलं असतं, म्हणून लांबूनच. ती उन्हाला पाठ देऊन उभी होती, आपली सावली पिल्लावर धरून. अख्खी घेतली की नजर तिच्या पिवळ्या चोचीवरच जायची. मग लेन्स खाली केली. दोन लाल पाय, सावली, पिल्लू. बस.

चुकलं का माझं? आल्यावर बाबांना दाखवला.

"मुंडकं काहून कापलं वं तू?"

"साउली पाहा ना बाबा."

बाबांनी वाकून पाहिलं. मग दुकानाच्या काचेतला, त्यांनी स्वतः काढलेला नवरानवरीचा जुना फोटो खाली उतरवला.

"इथं लाव. अन् कोनी इचारलं मुंडकं कुठी हाय, तर मले बोलव. मी सांगतो."