सायटोकाइन आणि दारावरची पाटी

तीर्थस्वरूप अक्का यांना नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल. (माझी तब्येत ठीक आहे. इथे ती कोणी विचारत नाही, म्हणून स्वतःच कळवतो.) तुमची धाकटी बहीण जाऊन तीन आठवडे झाले. तुम्ही आला नाहीत, फोन घेत नाही, आणि साडूभाऊ म्हणतात की खोलीचं दार लावून बसता, धड जेवतही नाही. मला फोनवर बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता. (ऑफिसात येतं, कारण तिथे समोरचाच ओरडत असतो.) म्हणून हे पत्र.

इथलं सांगतो. भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता विचारतो, "नेमकं झालं काय?" डॉक्टरीणबाईंनी मला ते चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून समजावलं होतं. संसर्ग साधाच होता. अंगात काही बिघडलं की पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, त्या निरोपाच्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. निरोप मिळाला की रक्तातल्या शिपाई पेशी धावतात, सूज येते, ताप चढतो, आणि काम झालं की सगळं शांत होतं. हिच्या अंगात निरोप थांबलेच नाहीत. मी वीजखात्यात तक्रारींच्या फोनवर बसतो, त्यामुळे मला लगेच कळलं. समजा, एका खोलीतला दिवा गेला. तक्रार एकदा नोंदवायची ती हजारदा नोंदवली गेली, आणि गावभरचे वायरमन शिड्या घेऊन त्या एका घरात घुसले. दिवा लागलाही असेल. घर राहिलं नाही.

पण हे लोकांना सांगणं म्हणजे शिक्षा. निवृत्त कवायत मास्तर म्हणाले, "प्रतिकारशक्ती कमी पडली." म्हटलं, नाही, अनावर झाली. "काहीतरीच! मग तीस वर्षं मी गार पाण्यानं अंघोळ कशाला करतोय?" ते इतके घाबरले की सांत्वन मीच केलं. समोरच्या मावशींनी विचारलं, "हा सायटोकाइन मेला कोण? बाहेरचा का?" म्हटलं, नाही मावशी, आपल्याच अंगातला. "वाटलंच मला, घरच्याच कुणीतरी केलं!" त्यानंतर दोन दिवस सगळी गल्ली माझ्याकडे फार बारकाईने बघत होती.

आमच्या ऑफिसात एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की पाटी लावायची पद्धत आहे. मीही लावली. वर लाल अक्षरात 'संसर्गाबाबत खुलासा', खाली बारीक अक्षरात सात कलमं, सायटोकाइनसकट. (सातवं कलम, 'उगाच रडू नये', हे मी नंतर खोडलं.) मथळ्याच्या खाली कोणी वाचलंच नाही. दूधवाली पिशवी काठीला अडकवून पुढे करते. पेपरवाला फाटकाबाहेरूनच नेम धरतो; काल खिडकीची काच गेली. मास्तर पलीकडच्या फुटपाथवरून सलाम ठोकतात.

पहिले चार दिवस फार सुखाचे गेले. पाचव्या दिवशी मी दोन माणसांचा चहा केला आणि दोन्ही कप मीच प्यालो. सहाव्या दिवशी पाटी काढली. आता सगळ्यांना वाटतं, आजार इतका वाढला की सरकारने पाटीसुद्धा जप्त केली.

साडूभाऊंना नमस्कार. मुलांना सांगा, मी विचारत होतो.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. हिचं कपाट मी उघडलेलं नाही. कोणती साडी कोणाला द्यायची, ते मला कळणार नाही. तुम्ही यावं.

ता. क. दुसरा. तुम्ही का येत नाही, ते साडूभाऊंनी सांगितलं. प्रतिकारशक्ती वाढवायची ती पूड तुम्ही दर महिन्याला पाठवत होतात, आणि हिच्यावर तीच उलटली, असं तुम्ही धरून बसला आहात. मी डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं. तीनदा त्या नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "काका, घरी जाऊन झोपा आता."

ता. क. तिसरा. तुम्ही डॉक्टरांवर विश्वास ठेवणार नाही, म्हणून हेही सांगतो. पुडीचे एकोणीस डबे माळ्यावर आहेत, एकाचंही सील तोडलेलं नाही. वासच सहन होत नाही, म्हणायची. "अक्काला सांगू नका, ओरडेल." दीड वर्ष मी गप्प राहिलो. आज सांगितलं. ओरडायचं असेल तर इथे येऊन ओरडा.