दारातली सोंगटी

४ ऑगस्ट

ती. ताईस,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी निम्मं बोलतो आणि निम्मं गिळतो, म्हणून पत्र. इंटर्नशिपचा दुसरा महिना लागला. मुलांचे शैक्षणिक खेळ करणारी कंपनी म्हटल्यावर मला वाटलं होतं, दिवसभर नुसती धमाल असेल. प्रत्यक्षात महिनाभर पुठ्ठे कापले. अंगठा दोनदा कापून घेतला. आमच्या मुख्य डिझायनर बाई प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवतात आणि जरा टोचला की परत देतात.

पण आता खरं काम मिळालंय. ‘घरची माणसं’ नावाचा खेळ, पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी. फासा टाकत सोंगटी शाळा, बाग, दुकान अशी फिरवायची, पालथी कार्डं उचलायची आणि आई, बाबा, आजी, आजोबा अशी चौघं जमवायची. चौघं जमली की घराच्या दारातून आत, खेळ जिंकला. चित्रं सगळी माझी! हातानं केलेला एक संच सोबत पाठवतेय. चिंगीशी खेळ आणि ती कुठे अडते ते कळव, बाईंना तेच हवंय.

भाचीला गालगुच्चा. पत्राला उशीर केलास तरी लोभात काटछाट नको.

तुझी ठमी

१२ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तू सवयीनं ‘सौ.’ लिहिलंस. रागावले नाही. पोस्टमनच्या हातून घेताना क्षणभर बरंच वाटलं. अंगठ्याला पट्टी लाव, लहानपणापासून वेंधळी ती वेंधळीच.

चिंगी कुठे अडली ते विचारलंस. आई, आजी, आजोबा पटापट मिळाले आणि सोंगटी दाराशी आली. बाबांचं कार्ड काही येईना, म्हणून मी गुपचूप तिच्या हातात सरकवलं. तिनं परत दिलं. म्हणाली, हे चित्रातले बाबा आहेत, माझे लांब कामाला गेलेत, ते आले की आम्ही मिळून आत जाऊ. तेव्हापासून चार दिवस तो पट जेवणाच्या टेबलावर तसाच मांडलेला आहे. हलवू देत नाही. आम्ही कडेला ताटं ठेवून जेवतो.

तुला माहीतच आहे, आठ महिन्यांपूर्वी हे गेले, तेव्हा तिला शेजारी ठेवून मीच तसं सांगितलं होतं. दोन दिवसांनी खरं काय ते सांगू, असं ठरवलं होतं. ते दोन दिवस अजून संपले नाहीत.

तुझा काही दोष नाही. चित्रं सुरेख झालीत. जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि या ताईवरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दोष कसा नाही? आठ दिवस मी त्या बाबांच्या शर्टाची बटणं रंगवत बसले होते. चिंगीचा विचार एकदाही मनात आला नाही. आणि मागच्या महिन्यात फोनवर तिनं विचारलं, तेव्हा मीसुद्धा म्हणून गेले की बाबा मजेत आहेत.

काल बाईंकडे गेले. म्हटलं, नियम बदलू या, घरातली कुठलीही तीन माणसं जमली तरी आत जाऊ द्यावं. त्यांनी बाबांचं कार्ड हातात घेतलं. मग म्हणाल्या, तुझं म्हणणं पटतंय, पण छपाई सुरू झालीय, नियमांचा कागद आता बदलता येणार नाही. हे आधी सुचायला हवं होतं. मला नाही सुचलं, त्यांनाही नाही. खेळ तसाच दुकानात जाणार, ताई.

तिच्यासाठी ते कार्ड काढून नवा संच करून पाठवू का? की मीच येऊ? कळव. रागव हवं तर, पण परकी करू नकोस.

तुझी ठमी

२ सप्टेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

नवा संच नको. एक कार्ड कमी आहे म्हटल्यावर ती तेच शोधत बसली असती.

रविवारी सकाळी वेणी घालताना तिला सांगितलं. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणून जमलं. म्हटलं, बाबा कामाला गेलेले नाहीत. ते फार आजारी होते आणि वारले. आता ते येणार नाहीत. मी तुझ्याशी खोटं बोलले.

तिनं दुसरी वेणी पुरी होऊ दिली. मग विचारलं, मावशीला माहीत आहे? हो म्हटलं. तू आलीस की तुलाच विचारेल, तयारीनं ये. थोड्या वेळानं वळून तिनं मला विचारलं, तुला कधी कळलं. मी म्हटलं, त्याच दिवशी. तिनं बोटांवर महिने मोजले, मध्ये चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. आणि म्हणाली, मग इतके दिवस तू एकटीच रडत होतीस? मला का नाही बोलावलंस?

ठमे, शनिवारी ये. लोभ आहेच, आता माणूस हवंय.

तुझी ताई