खिडकीबाहेरची

७ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. दुसऱ्या वर्षाची ती मुलगी बाळ झाल्यावर शिक्षण सोडून गेली, असं मी लिहिलं होतं. ती गेलेली नाही. सोमवारी ऊन येतं म्हणून खिडकी लावायला गेले, तर बाळाला खांद्यावर टाकून ती व्हरांड्यात उभी. रोज असते म्हणे. घरी सांभाळायला कोणी नाही, वर्गात मूल आणायचं नाही असा नियम, म्हणून बाहेरून ऐकते. आणि मी रोज तिचं नाव पुकारून गैरहजर लिहीत होते. हजेरी भरली नाही तर तिला परीक्षेला बसू देणार नाहीत.

विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणं हेही माझंच काम, म्हणून हिय्या करून प्राचार्यांकडे गेले. मोडक्या बाकांची खोली रिकामी करून तिथे अशा तान्ह्या मुलांची सोय करू, म्हटलं. ते म्हणाले, बाई, आज पाळणा मागताय, उद्या अंगाई म्हणायला शिपाई मागाल. तिथे बसलेले सगळे शिक्षक हसले. मीही हसले, त्याचीच लाज वाटते.

तेव्हापासून मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की बोलणं थांबतं. डबा रिकाम्या वर्गात खाते. संध्याकाळी खोलीवर आले की कधीकधी लक्षात येतं, तास संपल्यापासून आपण कुणाशी एक शब्द बोललेलो नाही. लोभ आहेच, या खेपेस थोडा जास्त पाठव.

तुझी,
शंकासूर


११ फेब्रुवारी

चि. शंकासुरास अनेक आशीर्वाद,

पत्र दोनदा वाचलं, कारण तू घाबरलीस की तुझं अक्षर तिरकं होतं. माझा गुडघा कुरकुरतो, पण तोही माझ्यासारखाच, बोलून दाखवतो आणि काम करतो.

तू पहिली अक्षरं गिरवलीस ती माझ्या शिलाई मशीनजवळ, चिंध्यांवर बसून. गिऱ्हाइकं म्हणायची, पोरीला बाहेर बसवा. मी म्हणायचे, मग कपडे दुसरीकडे शिवा. दोघी-तिघी गेल्याही. तेव्हा हसण्यावर जाऊ नकोस.

एक विचारते, राग मानू नकोस. तुझ्या सबंध पत्रात बाळ आहे, आई आहे, प्राचार्य आहेत. बाळाला बाप आहे की नाही? असला तर तासाच्या वेळी तो कुठे असतो?

पोटभर जेव. तुझ्या आवाजाशिवाय घर मलाही मोठं वाटतं, पण हे लिहायचं नव्हतं. लोभ काय मोजून पाठवायचा, सगळा तुझाच.

तुझी मावशी


१६ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.,

तुझ्या प्रश्नाने झोप उडवली. बाप माझ्याच वर्गात आहे. दुसऱ्या बाकावर. कधी तास चुकवत नाही म्हणून मीच भर वर्गात त्याची पाठ थोपटली होती, आणि ती खिडकीतून ऐकत होती.

मी विचारलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, बाई, मी थांबतो बाहेर असं म्हणालो होतो, पण पोरं मला आया म्हणतील. ती म्हणाली, त्याला रागावू नका, माझ्यासाठीही तोच लिहून घेतो, फक्त त्याचं अक्षर देवालाही लागायचं नाही. मावशी, बाळ दोघांचं, वर्ग एक. तो हजर, ती गैरहजर. आणि लिहिणारा हात माझा.

प्राचार्यांकडे पुन्हा गेले. ते म्हणाले, मूल वर्गात नको असं नियमात लिहिलंय. तुमची नेमणूक तात्पुरती आहे, हेही कुठेतरी लिहिलंय.

न आलेल्याला हजर लिहिणं मला जमणार नाही, तू तसं शिकवलंच नाहीस. पण वर्ग म्हणजे चार भिंतीच, असं नियमात कुठे नाही. मी बाकं व्हरांड्यात काढून तिथेच हजेरी घेणार आणि तिथेच शिकवणार. प्राचार्यांना आधीच सांगितलंय, चोरून नाही. त्यांनी नुसतं पेनाचं टोपण लावलं. बाकं उचलायला बाप येतोय, आणि अर्धा तास बाळ त्याच्या मांडीवर. आया म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठव म्हटलंय.

भीती वाटते. बरोबर उभं राहायला कोणी शिक्षक नाही. नोकरी गेली तर काजं-बटणं करायला तुझ्याकडे येईन, मशीनजवळची जागा झाडून ठेव. रागव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
शंकासूर

ता. क. दिवस लिहायचा राहिलाच. गुरुवार, वीस फेब्रुवारी, पहिला तास.