सातवी टाकी

२ मार्च
नोकरी लागली! अपघातात माझा खालचा जबडा गेला, तर याच प्रयोगशाळेने टायटॅनियमचा नवा थ्री-डी प्रिंटरवर छापून फुकट बसवून दिला. वर ही नोकरी, शिवाय माडीवर राहायला खोली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! दादा म्हणाला, आता तुझी बडबड गंजायचीसुद्धा नाही.

काम सोपं आहे. काचेच्या टाक्यांत अंगाइतकं कोमट, खारट पाणी आणि त्यात छापलेल्या टायटॅनियमचे तुकडे. धातू किती झिजतो ते रोज बघायचं. सहा टाक्या भरलेल्या, सातवी कोरडी ठणठणीत. का, ते कुणी सांगत नाही.

५ मार्च
इथली माणसं भलतीच तुसडी. माझ्याबरोबर कुणी डबा खात नाही. टाक्या सांभाळणाऱ्या बाई तर मी बसले की उठतात. गेल्या उडत! साहेब तेवढे गोड. नव्या जबड्याला जपायचं म्हणून रोज दुपारी स्वतःच्या हाताने चुळीचं औषध देतात. आंबट, झोंबणारं.

९ मार्च
तोंडात सारखी नाणं चघळल्यासारखी चव. हिरड्या करड्या पडल्यात. आज बाईंनी टाक्यांत औषध ओतलं, ते माझ्याच चुळीच्या बाटलीतलं! म्हणाल्या, त्याने धातूवरचा पापुद्रा उतरतो, झीज लवकर दिसते. साहेबांना विचारलं तर हसले. म्हणाले, शंकेखोर बायकांची जखम भरत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. मला भीती वाटते.

११ मार्च
बाईंना जिन्यात गाठलं. आधी त्यांनी कानांवर हात ठेवले. मग चिडून म्हणाल्या, सातवा नमुना टाकीत नसतो, तो चालतो, बोलतो, डबा खातो. नमुन्याला जीव लावायचा नसतो, म्हणून शेजारी कुणी बसत नाही.

मी पळाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने दंड धरून परत आणलं. मोबाईलही काढून घेतला.

१२ मार्च
चूळ थुंकून टाकली. दोघा पहारेकऱ्यांनी डोकं धरलं, तोंड दाबून ठेवलं. पुन्हा. पुन्हा—

१३ मार्च
जबड्याचे स्क्रू हललेत. बोलायला गेलं की खाली काहीतरी सरकतं. घास चावत नाही. आरशात बघवत नाही—

१४ मार्च
ऑफिसात कुणी नव्हतं. तिथल्या फोनवरून दादाला फोन लावला. सगळं सांगितलं— औषध, फाटक, मला घेऊन जा— रडले. तो म्हणाला, कोण बोलतंय, नुसती खरखर येतेय. आणि ठेवला.

माझा आवाज. दादाला माझा आवाज—

१५ मार्च
बाई माझ्या खोलीतलं टेबल पुसतायत. माझ्याकडे बघत नाहीत. साहेबांनी हातमोजे चढवले. खुशीत आहेत. म्हणतात, खालचा झकास झिजला, पण वरचा अजून हाडाचाच आहे, तेव्हा आता तो—